ताट कोण वाढतं?

उद्या सगळी घडी विस्कटली, दुकानं, दवाखाने, एसट्या बंद पडल्या, तर मनाचा आजार असलेल्यांचं काय होईल? सगळ्यात आधी तेच कोलमडतील, असंच वाटतं ना?

१९३८ साली लंडनच्या मानसोपचारतज्ज्ञांनी भाकीत केलं होतं की बॉम्बवर्षाव सुरू झाला की सहा महिन्यांत तीस-चाळीस लाख लोकांची मनं ढासळतील. १९४० मध्ये बॉम्ब पडू लागले, रात्रीमागून रात्री पडत राहिले. रुग्णांची ती लाट मात्र आलीच नाही!

आणि फ्रान्समध्ये? तिथं युद्धकाळात मनोरुग्णालयांतली सुमारे चाळीस हजार माणसं गेली. बहुतेक भुकेनं आणि भुकेपाठोपाठच्या आजारांनी. १९४३ साली गेलेली शिल्पकार कामील क्लोदेल त्यांतलीच. बाहेरचा माणूस रेशनवर भागलं नाही तर काळ्या बाजारातून, शेतावरच्या नातेवाइकांकडून काहीतरी मिळवत होता. भिंतीआडच्याला रेशनपलीकडे कोण देणार?

म्हणजे आजाराइतकाच महत्त्वाचा प्रश्न, ताट कोण वाढतं?

आता पंढरपूरची आषाढी पाहा. मठाच्या दारात पंगत बसलीय. मळक्या कपड्यांतला, स्वतःशीच पुटपुटणारा एकजण कडेला टेकतो. वाढपी पत्रावळीवर भात टाकतो, "घ्या माउली" म्हणतो आणि पुढं सरकतो. नाव नाही, गाव नाही, केसपेपर नाही!

बेल्जियममध्येही असंच एक तीर्थ आहे, खेल नावाचं. संत डिम्फ्नाकडे बरं व्हायला आलेल्यांना ठेवायला चर्चची जागा पुरेना, म्हणून गावकऱ्यांनी त्यांना घरांत ठेवून घेतलं. मध्ययुगातली ही रीत आजही चालू आहे. १९३८ साली तिथल्या घरांत साडेतीन हजारांहून अधिक रुग्ण राहत होते.

पण पंगतीलाही गर्दी लागते. करोनामुळे १७ मार्च २०२० ला विठ्ठलाचं देऊळ बंद झालं. आषाढीला संतांच्या पादुका एसटीनं आल्या, गावात संचारबंदी. यात्रेकरूच नाहीत, तर पंगत कुणाची आणि तिच्या कडेला बसणाऱ्याला वाढायचं कुणी?

शिवाय भातानं पोट भरतं, गोळीचं काय? मोबाइलच्या बॅटरीत असतो तोच लिथियम, क्षाराच्या रूपात, उन्मादाचे झटके रोखतो. आहे ना कमाल? पण तो एकदम थांबला तर झटका उलटून येऊ शकतो. जास्त झाला, किंवा उन्हात अंगातलं पाणी आटलं, तर तोच विषासारखा बाधतो. म्हणून रक्तातलं त्याचं प्रमाण तपासत राहावं लागतं, आणि ते कितीही मायाळू वाढप्याला पळीनं मोजता येत नाही.