ओढा आबा, दोर ओढा

"बसा नं आबा. पडत नाई तुम्ही," माझी लेक आजोबांचा हात धरून ओढते आहे. समोर लोखंडी चौकटीत तीन खुर्च्या टांगलेल्या आहेत. प्रत्येकीच्या माथ्यावर कप्प्या आणि कप्प्यांतून खाली आलेला दोर. खुर्चीत बसायचं आणि आपणच दोर ओढून आपल्याला वर न्यायचं. पहिल्या खुर्चीला कप्प्या सर्वांत कमी, तिसरीला सर्वांत जास्त. भाचा पहिलीत बसून लालबुंद झाला आहे. पाय जमिनीवरून वीतभर सुटतात आणि पुन्हा टेकतात. लेक तिसरीतून आत्ताच उतरली आहे आणि तिथं काय होतं ते आबांना कळल्याशिवाय तिला चैन नाही.

आबा टोपी सावरतात, धोतराचा सोगा आवरतात आणि तिसऱ्या खुर्चीत बसतात. ओढण्याआधी ते दोराला पीळ किती आहे ते बोटांनी चाचपतात, गाठ पाहतात. मग एक हात, दुसरा हात. खुर्ची अलगद वर सरकते. आबा थांबतात, वर कप्प्यांकडे पाहतात.

"बाप्पा! हे तं मोटेचं चाक होय."

नागपुरात गांधीसागर तलावासमोरच्या रमण विज्ञान केंद्रात आम्ही उभे आहोत. अकोल्याहून आम्ही निघालो, ताई आणि भाचा आबांना घेऊन बडनेऱ्याला त्याच गाडीत चढले. अकोल्याहून इथवर रेल्वेनं अडीचशे किलोमीटर. मुलांना हे केंद्र दाखवायचं एवढाच विचार होता, आबा सोबतीला. आता खुर्चीत आबा आहेत आणि मुलं खाली मांडी घालून ऐकताहेत.

चांदूरबाजारकडच्या आमच्या विहिरीवर मोट होती, ते दिवस आबा सांगतात. धावेवरून उतरणारी बैलजोडी, चाकावरून गेलेला जाड नाडा, सोंड धरून ठेवणारा बारीक सोंदूर, थारोळ्यात धबाधब पडणारं पाणी. "पण आबा, तिथं चाक एकच होतं नं? मग जड लागत होतं का?" लेक विचारते. प्रश्न नेमका आहे. मोटेचं चाक एका जागी पक्कं बसवलेलं असतं. ते फक्त दिशा बदलतं: बैल उतरणीला जातात, मोट वर येते, भार मात्र सगळा बैलांच्या खांद्यावर. इथं काही कप्प्या खुर्चीबरोबर वर-खाली होतात, त्यामुळे तेच ओझं दोराच्या अनेक पदरांवर वाटलं जातं. भाचा मध्येच उठून उभा राहतो. "आबा, दोर केवढा ओढला तुम्ही, अन् वर जराकसेच गेले!" जोर कमी लागतो तर दोर जास्त ओढावा लागतो, हा यंत्रांचा पायाभूत नियम चौथीतल्या पोरानं आपल्या डोळ्यांनी धरला आहे. कोणी शिकवला नाही. मी सांगायला तोंड उघडणार, तेवढ्यात ताई डोळ्यांनीच मला गप्प करते. तिचं बरोबर आहे.

पुढच्या मोकळ्या जागेत दोन मोठ्या तबकड्या एकमेकींकडे तोंड करून उभ्या आहेत. मध्ये चांगलं अंतर, त्यातून माणसं ये-जा करताहेत, गलका चालू आहे. लेक एका तबकडीपाशी जाते, तिच्या पुढ्यातल्या कड्याजवळ तोंड नेते आणि कुजबुजते. दुसऱ्या टोकाला आबांनी कान लावला आहे. गेल्या काही वर्षांत त्यांना कमी ऐकू येतं. घरात आम्ही त्यांच्याशी मोठ्यानं बोलतो. आबांचा चेहरा एकदम खुलतो.

"आइकू येते व माय! कानात बोलल्यावानी येते."

ती काय बोलली ते दोघांपैकी कोणीच आम्हाला सांगत नाही. तबकडीचा आकार अन्वस्ताचा असतो. केंद्रबिंदूपाशी काढलेला आवाज तिच्यावर आपटून समांतर लाटांनी पुढे जातो, समोरची तबकडी त्या लाटा पुन्हा तिच्या केंद्रबिंदूपाशी गोळा करते. वाटेत पांगून जाणारा आवाज इथं एका ठिकाणी जमतो. घरावरची डिश अँटेना उपग्रहाचे संकेत अशाच रीतीनं गोळा करते.

आता ताईची पाळी. पदर खोचून ती सायकलवर बसते. ही सायकल जागची हलत नाही. पायडल मारलं की जनित्र फिरतं आणि समोरचा दिवा लागतो. एक दिवा सहज लागतो. भाचा दुसरं बटण दाबतो, तिसरं दाबतो. ताईचा वेग मंदावतो. "अरे, जड झालं!" वायरीतून जितकी जास्त वीज वाहू लागते, तितकं ते वेटोळं चुंबकाजवळ फिरायला विरोध करतं. मायकेल फॅरेडेनं 1831 साली चुंबक आणि वेटोळ्यापासून वीज मिळवून दाखवली, तेच इथं ताईच्या पोटऱ्यांना जाणवतं आहे. धडधाकट माणूस न थकता सायकल मारत राहिला तर 75 ते 100 वॉटच्या आसपास वीज देतो. आबांच्या विहिरीवरची मोटर पाच हॉर्सपॉवरची, म्हणजे सुमारे 3,700 वॉटची. लेक बोटं मोडून हिशेब करते: ती एक मोटर चालवायला चाळीस-पन्नास माणसांनी एकदम पायडल मारायला हवं. आबा बराच वेळ त्या दिव्यांकडे पाहत राहतात. ओलितासाठी रात्री-अपरात्री उठून वावरात जाणाऱ्या माणसाला या आकड्याचं वजन वेगळं समजावून द्यावं लागत नाही.

तेवढ्यात एका शाळेची सहल आत येते. मुलं दोन-दोनच्या रांगेत, हात समोरच्याच्या खांद्यावर. "चला, चला, पुढं चला" असा पुकारा चालू आहे. रांगेतली एक मुलगी कप्प्यांच्या खुर्चीपाशी रेंगाळते, दोराला नुसता हात लावते, आणि मागून रेटा आल्यावर पुढे जाते. गुरुजींची अडचणही दिसते: मुलं भरपूर, बस परतायची घाई. पण त्या मुलीला दहा मिनिटं हवी होती. इथल्या वस्तू पाहून संपत नाहीत. त्या हातात घ्याव्या लागतात, चुकावं लागतं, पुन्हा करून पाहावं लागतं. हा विचार नवा नाही. मुलांसाठीचं पहिलं संग्रहालय न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये 1899 साली उघडलं. सॅन फ्रान्सिस्कोत फ्रँक ओपनहायमर या भौतिकशास्त्रज्ञानं 1969 साली एक्सप्लोरेटोरियम सुरू केलं, तेव्हा काचेच्या कपाटाऐवजी प्रत्येक वस्तू लोकांच्या हाती दिली. त्याच विचाराची केंद्रं आपल्याकडेही उभी राहिली. मुंबईत वरळीला नेहरू विज्ञान केंद्र 1985 साली खुलं झालं, नागपूरचं हे केंद्र 7 मार्च 1992 रोजी, आणि इथलं तारांगण 5 जानेवारी 1997 रोजी. ज्यांचं नाव या केंद्राला दिलं आहे ते सी. व्ही. रमण 1910 साली सरकारच्या वित्त खात्यातले अधिकारी म्हणून नागपुरात नोकरीला होते. पुढे 1930 साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळालं.

बाहेर आवारात डायनासोरांच्या प्रतिकृती आहेत. भाचा सर्वांत मोठ्या प्राण्याच्या पायाशी उभा राहून स्वतःची उंची मोजतो आहे. मी त्याला सांगतो की चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावला लांब मानेच्या, झाडपाला खाणाऱ्या डायनासोराची हाडं सापडली आणि इसिसॉरस हे आजचं नाव त्याचंच. "आपल्या विदर्भात?" तो दोनदा विचारतो. मग गोष्ट पुढे जाते. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी, डायनासोरांच्या अखेरच्या काळात, जमिनीला भेगा पडून लाव्हा वाहत राहिला, थरावर थर साचले. तो थंड होऊन झालेला काळा बेसाल्ट खडक झिजत गेला आणि त्यातून वऱ्हाडातली कापसाची काळी माती तयार झाली.

आबा चालता चालता थांबतात. "म्हंजे आपल्या वावराची माती आगीतून निघाली?"

"हो आबा."

ते मान हलवतात आणि भाच्याला विचारतात, "मंग तुह्या पुस्तकात हे आहे का नाई?" भाच्याला आठवत नाही. घरी गेल्यावर पुस्तक काढून दोघांनी मिळून पाहायचं ठरतं.

तारांगणाच्या घुमटाखाली अंधार होतो आणि तारे उगवतात. मृगाचा बाण आबा लेकीच्या आधी ओळखतात. पेरणीची नक्षत्रं त्यांना तोंडपाठ आहेत. खेळ सुटल्यावर बुलढाण्याच्या लोणारचा विषय निघतो. काळ्या खडकात उल्कापातानं पडलेलं सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाचं ते विवर अकोल्याहून नागपूरपेक्षा कितीतरी जवळ आहे आणि पोरांनी अजून पाहिलेलं नाही. पुढची सहल तिथली, यावर सगळ्यांचं एकमत होतं. दारातून बाहेर पडता पडता लेक पुन्हा कप्प्यांकडे पळते. यावेळी ती पहिल्या, जड खुर्चीत बसते आणि आबांना सांगते, तुम्ही मोजा, मी किती हात दोर ओढते ते. आबा मोजू लागतात.

दिवसभरात आमच्याकडून निम्मं केंद्रही पाहून झालेलं नाही आणि त्याची मला खंत वाटत नाही. मोटेवर राबलेला माणूस आणि कप्पीचा धडा वाचलेली नात एकाच दोराला हात घालतात, तेव्हा दोघांचंही शिक्षण होतं. शाळेची सहल हे देऊ शकत नाही; घरच्यांनीच ते द्यायचं आहे. म्हणून अमरावती-अकोल्याच्या आई-बाबांना माझी विनंती आहे: येत्या सुटीत एक दिवस काढा, आजी-आबांना बरोबर न्या, चार-पाच वस्तूंपाशीच रमा, आणि उत्तर सांगायची घाई करू नका. आणि आपल्या महापालिकांना, जिल्हा परिषदांना विनंती आहे: कप्प्या, दोर, दोन तबकड्या आणि एक सायकल यांना फार मोठी इमारत लागत नाही. एखाद्या बागेच्या कोपऱ्यात, शाळेच्या शेडमध्ये हे मांडता येतं. वऱ्हाडातल्या ज्या मुलांना नागपूरचं तिकीट परवडत नाही, त्यांच्या हाताला हा दोर गावातच मिळाला पाहिजे.