रुमाल टाकलेली जागा : बीटा ब्लॉकरची गोळी काय करते आणि कशी बनते

मंडळी, आयुष्यभर तर्कशास्त्र शिकवलेल्या माणसाने औषधावर का बोलावं, असं इथे समोर बसलेल्या काहींच्या चेहऱ्यावर मला दिसतंय. तर कारण सांगतो. मी स्वतः मेटोप्रोलोल घेतो. दोन वर्षांपूर्वी एका लग्नाला बाहेरगावी गेलो आणि गोळ्यांची पट्टी देवपुरातच टेबलावर राहिली. म्हटलं, चार दिवसांनी काय होतंय! तिसऱ्या दिवशी पंगतीत बसल्या-बसल्या छाती अशी धडधडायला लागली की घास खाली उतरेना. तिथल्या डॉक्टरांनी एकच प्रश्न विचारला, "गोळी कधीपासून बंद आहे?" म्हणजे त्यांना ठाऊक होतं. मलाच ठाऊक नव्हतं, मी सात वर्षं रोज काय गिळत होतो ते. परत आल्यावर वाचायला घेतलं.

आपण घाबरलो, जिना चढलो, भांडलो, की शरीरात अ‍ॅड्रेनलिन आणि त्याचं भावंड नॉरअ‍ॅड्रेनलिन सुटतं. ते हृदयाच्या पेशींवरच्या ठरावीक जागांवर जाऊन बसतं आणि हृदय जोरात, भराभर चालतं. या जागांना रिसेप्टर म्हणतात. त्यांचे अल्फा आणि बीटा असे दोन प्रकार असले पाहिजेत, हे रेमंड अल्क्विस्ट या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९४८ साली मांडलं. फारसं कोणी मनावर घेतलं नाही. मनावर घेतलं ते जेम्स ब्लॅक या स्कॉटिश माणसाने. हृदयाला रक्त कमी पडतं, तेव्हा छातीत कळ येते. त्या काळी सगळ्यांचा प्रयत्न एकच, हृदयाला जास्त रक्त, जास्त प्राणवायू कसा पोचवायचा. ब्लॅकने प्रश्नच उलटा केला. पुरवठा वाढत नसेल तर मागणी कमी करता येईल का? मला विचाराल तर सगळा शोध या एका वाक्यात आहे. पुढचं सगळं, कितीही अवघड असलं तरी, रसायनशास्त्रज्ञांचं चिकाटीचं काम.

मागणी कमी कशी करायची? आपल्या एसटीचं उदाहरण घ्या. गाडी फलाटाला लागली की खिडकीतून रुमाल टाकून आपण जागा धरतो. रुमाल काही प्रवास करत नाही, तिकीट काढत नाही, पण दुसऱ्याला बसू देत नाही. बीटा ब्लॉकर म्हणजे हा रुमाल. अ‍ॅड्रेनलिन येतं, बघतं, तर जागा धरलेली. आमच्या वैशेषिकांनी अभाव हा एक स्वतंत्र पदार्थ मानला, त्यावर मी पंचवीस वर्षं तास घेतले. काहीही न करून परिणाम घडवणारी वस्तू खिशातल्या पट्टीत सापडेल असं वाटलं नव्हतं. असो.

याच उदाहरणात माझ्या धडधडीचं उत्तर आहे. जागा सतत अडलेल्या दिसल्या की शरीर आणखी जागा तयार करतं, जादा बाकडी टाकावीत तसं. मग आपण एका दिवसात सगळे रुमाल उचलले तर काय होईल? बाकडी जास्त आणि अडवणारं कोणी नाही. ज्याला छातीच्या कळेचा त्रास आहे, त्याला अशाने झटकाही येऊ शकतो. म्हणून ही गोळी बंद करायची तर डॉक्टरांना विचारून, हळूहळू, मात्रा उतरवत.

आता बनते कशी. ब्लॅक १९५८ साली आयसीआय या ब्रिटिश कंपनीत गेले. तिथलं पहिलं औषध प्रोनेथॅलॉल. त्याने उंदरांत गाठी झाल्या, ते मागे पडलं. १९६४ साली प्रोप्रॅनोलॉल पुढे आलं आणि ते टिकलं. १९८८ साली ब्लॅकना नोबेल मिळालं.

प्रोप्रॅनोलॉलचा रेणू तीन तुकड्यांचा. पहिला नॅफ्थॉल, याचा वास डांबराच्या गोळ्यांच्या कुळातला. दुसरा एपिक्लोरोहायड्रिन, विषारी द्रव, कर्करोग करू शकेल असा. तिसरा आयसोप्रोपिलअमीन, माशासारखा उग्र वास. कॉस्टिक सोड्यात नॅफ्थॉल विरघळवायचं आणि त्यात एपिक्लोरोहायड्रिन सोडायचं. नॅफ्थॉलला एक शेपूट लागते आणि शेपटीच्या टोकाला तीन अणूंचं छोटं कडं असतं, ताणून बांधलेल्या धनुष्यासारखं. मग अमीन येतं, ते कडं तोडतं आणि तिथेच जोडलं जातं. झालं औषध. हे अमीन साधारण ३२ अंशांना उकळतं. म्हणजे धुळ्याच्या एप्रिलमध्ये बाटली उघडी ठेवली तर शेगडी न पेटवता उकळेल! म्हणून कारखान्यात हे सगळं बंद, थंड ठेवलेल्या भांड्यांत चालतं. शेवटी हायड्रोक्लोरिक आम्लाने त्याचा क्षार करतात, कारण क्षार पाण्यात विरघळतो. पांढरे स्फटिक मिळतात.

नॅफ्थॉलच्या जागी दुसरं डोकं बसवा, शेपूट तीच ठेवा, की अटेनोलॉल किंवा मेटोप्रोलोल मिळतं. एक मेख मात्र आहे. रेणू डाव्या आणि उजव्या हातासारखे दोन प्रकारचे तयार होतात, निम्मेनिम्मे, आणि खरं काम त्यांतला एकच करतो. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत एकाच हाताचा रेणू बनवण्याच्या पद्धतींवर काम झालं आहे. पुण्याच्याच एमक्युअरने एकाच हाताचं मेटोप्रोलोल बाजारात आणलं.

औषध असतं १० किंवा ४० मिलिग्रॅम, ते चिमटीत धरता येत नाही. म्हणून भरताड लागतं: लॅक्टोज, सेल्युलोज, मक्याचा स्टार्च. मक्याचा स्टार्च खानदेशाला सांगायला नको, आपल्या दोंडाईच्याला त्याचा मोठा कारखाना आहे. पोटात ओल लागली की स्टार्च फुगतो आणि गोळी फुटते.

आता माझ्या आवडीचा भाग. १९११ च्या पेटंट कायद्याखाली परदेशी कंपनीने एखादा रेणू शोधला की तो इथे कोणीही, कुठल्याही पद्धतीने बनवू शकत नसे. १९७० चा कायदा आला, तो २० एप्रिल १९७२ पासून लागू झाला. त्याने औषधाच्या बाबतीत पेटंट फक्त पद्धतीला दिलं, वस्तूला नाही. देवपुरातून पाचकंदिलाला जायला पांझरेवर एकापेक्षा जास्त पूल आहेत. एका पुलावर तुमची मालकी असेल, पाचकंदिलावर नाही. प्रोप्रॅनोलॉलमध्येही तसंच: आधी शेपटीला अमीन जोडून मग नॅफ्थॉल लावता येतं.

मुंबईच्या सिप्लाचे युसुफ हमीद केंब्रिजमधून रसायनशास्त्राची डॉक्टरेट घेऊन आलेले. त्यांनी प्रोप्रॅनोलॉल इथे बनवलं, तेव्हा आयसीआयने थेट इंदिरा गांधींकडे तक्रार केली. हमीदांचा युक्तिवाद, त्यांनीच पुढे अनेक मुलाखतींत सांगितलेला, असा की लाखो भारतीयांना जीव वाचवणाऱ्या औषधापासून केवळ मूळ मालकाला पसंत नाही म्हणून दूर ठेवायचं का?

ही चोरी होती का? विद्यार्थी हा प्रश्न विचारायचे तेव्हा मी दोन्ही बाजू मांडून मोकळा व्हायचो. आता तसं करत नाही. ब्लॅकच्या कामाची किंमत कोणीतरी दिली होती, प्रोनेथॅलॉलचं अपयशही त्यातच आलं, हे खरं आहे. पण त्या किमतीची वसुली धुळ्याच्या हमालाच्या छातीतून करायची नसते. रेणू ही कोणाची जमीन नाही. माझं मत इतकं सरळ आहे. २००५ च्या १ जानेवारीपासून वस्तूचं पेटंट परत आलं. नव्या औषधांना आता तो पूल नाही, ही गोष्ट मला खुपते. स्वस्ताईच्या नावाने शुद्धतेत सूट मात्र मला मान्य नाही. २०२२ साली कॅनडात फायझरने स्वतःच्या प्रोप्रॅनोलॉलच्या कॅप्सूल परत घेतल्या, कारण त्यांत नायट्रोसामीन ही घातक अशुद्धी जास्त निघाली. शेपटीतल्या त्याच अमीनपासून ती तयार होते. मोठ्या नावाच्या कंपनीलाही हे चुकलं नाही.

एक चिठ्ठी आली आहे, दमा आणि मधुमेह असलेल्यांनी काय करावं? श्वासनलिकांवरही बीटा जागा असतात, त्या अडल्या की नळ्या आवळतात. म्हणून दमेकऱ्याने डॉक्टरांना आधी दम्याचं सांगायचंच. प्रोप्रॅनोलॉल दोन्हीकडे रुमाल टाकतं, मेटोप्रोलोल मुख्यतः हृदयाकडे. साखर उतरली की एरवी धडधड होते, ती या गोळीने झाकली जाते. घाम मात्र येतो, तिकडे लक्ष ठेवा.

आणि दुसरी चिठ्ठी, गोळी कुटून पाण्यात घेतली तर चालेल का. दिवसभर हळूहळू सुटणारी मेटोप्रोलोलची गोळी असेल तर कुटायची नाही, चावायची नाही. चोवीस तासांचं औषध एकदम पोटात सुटेल. रेघ असेल आणि डॉक्टरांनी सांगितलं असेल, तरच अर्धी करा.