नवशिक्याचा खुराक

आखाड्याची माती अंगास लागून आठवडाही लोटत नाहीं, तोंच बहुतेक विद्यार्थी घरीं खुराकाची मागणी करूं लागतात. मीं स्वतः हेंच केलें होतें. पहिलवानांप्रमाणें बदाम व खसखस घोटलेली थंडाई आणि तांब्याभर दूध यांचा हट्ट मीं धरला. आईनें धाकट्या भावंडांच्या वाट्याचें दूध माझ्यापुढें ठेवलें. दोन महिन्यांत बळ थोडें वाढलें, पोट मात्र बरेंच वाढलें. त्या दुधाची आठवण झाली कीं अजून ओशाळल्यासारखें होतें.

चूक कोठें झाली? कोल्हापुरांतील तालमींत पहिलवान पहाटेपासून जोर, बैठका व लढती मिळून कित्येक तास घाम गाळतो. त्याचा आहार त्या श्रमांस साजेसा असतो. 50 किलो वजनाच्या मुलानें मधून मधून विश्रांति घेत तासभर वजनें उचललीं, तर सुमारें 200 किलोकॅलरी खर्च होतात. ज्वारीच्या 75 ग्रॅम पिठाची एकच भाकरी याहून अधिक देते! शिवाय पहिल्या कांहीं आठवड्यांत वाढणारें बळ मुख्यतः मज्जातंतूंच्या शिक्षणाचें फळ असतें. स्नायूंवर नवें मांस अद्याप फारसें चढलेलें नसतें. म्हणून रोजच्या पोटभर जेवणावर दीड-दोन भाकरींएवढी भर पुरे. 1952 सालीं हेलसिंकी येथें कांस्यपदक मिळविणारे खाशाबा जाधव 57 किलोच्या गटांत लढले होते, हेंही धिप्पाड होण्याची घाई झालेल्यांनीं ध्यानांत घ्यावें.

प्रथिनांचा हिशेब वेगळा करावा लागतो. वजनाच्या दर किलोस रोज 1.2 ते 1.6 ग्रॅम हें मान पुरेसें समजतात. म्हणजे आपल्या मुलास 60 ते 80 ग्रॅम. दिवसाच्या चार भाकरींतून सुमारें 30 ग्रॅम मिळतात, 60 ग्रॅम तुरीच्या डाळींतून 13, अर्धा लिटर दुधांतून 16 आणि मूठभर शेंगदाण्यांतून 7. बेरीज 66 झाली, आणि यांत भात, भाजी, ताक धरलेंच नाहीं. अंडीं खाणाऱ्यास दोन अंड्यांतून आणखी 12 ग्रॅम मिळतात. दूध बेताचें असेल त्या घरीं डाळ व उसळ वाढवावी; बदामांवांचून तर कांहींच अडत नाहीं, कारण शेंगदाण्यांत प्रथिनें त्यांहून किंचित् अधिकच आहेत.

आठवड्यांतून एकदां, सकाळीं उपाशीपोटीं वजन करून लिहून ठेवावें. सरासरीनें आठवड्यास 125 ते 250 ग्रॅम वाढ होत असेल, तर आहार जमला. तीन आठवडे कांटा हललाच नाहीं, तर अर्धी भाकरी व थोडी डाळ वाढवावी; छातीदंडांच्या आधीं कमरेचा पट्टाच आवळूं लागला, तर तितकीच कमी करावी.