कळ आणि फुंक

आमच्या घरांत पेटी आहे, तंबोरा आहे, आणि माळ्यावरच्या एका जुन्या ट्रंकेंत मखमलीच्या तुकड्यांत गुंडाळलेलें एक कॉर्नेटही आहे. हें कॉर्नेट आमच्या थोरल्या काकांचें. शाळेच्या बँडांत ते तें वाजवीत, आणि पुढें शिक्षकाची नोकरी लागल्यावरही गणपतीच्या दिवसांत गच्चीवरून त्याचा आवाज साऱ्या आळींत घुमत असे. सत्तरी ओलांडल्यावर वरचे पुढचे दात गेले, कवळी आली, आणि कॉर्नेट माळ्यावर गेलें. पितळी वाद्यांत सूर उत्पन्न होतो तो वाजविणाराच्या ओठांच्या थरथरण्यानें. त्या ओठांवर धातूची मुखनळी टेकलेली असते, आणि ओठांस मागून आधार असतो तो दातांचा. कवळीचा आधार काकांना मानवला नाहीं. याविषयीं त्यांनीं कधीं तक्रार केली नाहीं; पण वरात रस्त्यानें जाऊं लागली कीं ते उठून खिडकी लावून घेत, हें घरांतील लहान मुलांच्याही लक्षांत आलें होतें.

गेल्या दिवाळीच्या सुटींत आमच्या धाकट्या चिरंजीवांनीं संगणकावर ट्रंपेट आणिला. आणिला म्हणजे काय, तर ट्रंपेटाच्या नळींत हवा कशी वागते याचें गणित करून त्यावरून सूर निर्माण करणारा एक प्रोग्राम आणिला. "आजोबा, याला दात लागत नाहींत," असें त्यानें काकांना सांगितलें. हें वाक्य ऐकून आम्ही मंडळी क्षणभर दचकलोंच. पण काका हंसले, आणि खुर्ची ओढून बसले.

पहिल्या दिवशीं मात्र त्या ट्रंपेटानें तोंडच उघडलें नाहीं. संगणकास एक लहान कीबोर्ड जोडलेला होता. काकांनीं कळ दाबली, पडद्यावर दिवा लुकलुकला, आणि आवाज शून्य. दोन तास झटापट झाल्यावर कारण कळलें. तें समजण्यासाठीं थोडी माहिती वाचकांस दिली पाहिजे.

निरनिराळ्या कारखान्यांचीं विद्युत्-वाद्यें परस्परांशीं बोलूं शकावींत म्हणून १९८३ सालीं 'मिडी' नांवाची एक सांकेतिक भाषा ठरविण्यांत आली. अमेरिकेचे डेव्ह स्मिथ व जपानचे इकुतारो काकेहाशी हे तिच्या जनकांपैकीं प्रमुख. या भाषेंतून सूर जात नाहीं. जाते ती आज्ञा. अमुक कळ दाबली, इतक्या वेगानें दाबली, आतां सोडली, असा तो हुकूम. शिवाय क्रमांक दिलेल्या अन्य आज्ञा असतात: १ सामान्यतः कंपासाठीं, २ फुंकीसाठीं, ७ एकंदर आवाजासाठीं, ११ सुराच्या चढउतारासाठीं, आणि प्रत्येकीचें मूल्य ० पासून १२७ पर्यंत. आमच्या ट्रंपेटाला ११ क्रमांकाची आज्ञा पोंचतच नव्हती. त्याच्या दृष्टीनें कळ दाबली गेली होती, पण फुंक कोणी मारलीच नव्हती. मग तो वाजेल कसा?

चिरंजीवांनीं तात्पुरता उपाय म्हणून तें मूल्य ९० वर कायम करून ठेविलें. ट्रंपेट वाजला. काकांनीं चार स्वर ऐकले आणि हात काढून घेतला. "अरे, ही तर पेटी झाली. आणि तीही भाता बांधून ठेवलेली!"

या एका वाक्यांत सारा विषय आला. पियानोची कळ एकदां दाबली कीं त्या सुराचें भवितव्य ठरून जातें. तो पुढें केवळ विरत जातो. पेटीवर तसें नाहीं. उजवा हात स्वर निवडतो आणि डावा हात भात्यानें त्यांत प्राण घालतो. सूर लांबत असतां त्याला फुगवावा कीं दबवावा हें डाव्या हाताच्या अधीन असतें. पितळी वाद्यांत तर हें शतगुणित आहे. संगणकावरचा ट्रंपेट खरा वाटत नाहीं तेव्हां दोष बहुधा त्या ट्रंपेटाचा नसतो. त्याचा भाता कोणाच्याच हातीं दिलेला नसतो.

फुंक वाढली म्हणजे आवाज मोठा होतो इतकेंच असतें, तर रेडिओची खुंटी पिळूनही काम भागलें असतें. १९६० नंतरच्या दशकांत अमेरिकेंतील बेल लॅबोरेटरीजमध्यें झाँ-क्लोद रिसे या फ्रेंच संगीतकार-शास्त्रज्ञानें ट्रंपेटच्या सुरांचें संगणकावर पृथक्करण केलें. त्याला असें आढळलें कीं, जोर वाढतो तसतसे सुराच्या पोटांतील वरचे उपस्वर प्रमाणाबाहेर वाढत जातात. ट्रंपेटाची झळाळी म्हणतात ती हीच. मंद फुंकीचा ट्रंपेट मऊ असतो, आणि जोराचा नुसता मोठा नव्हे, तर लखलखीत असतो. पुढें स्टॅनफर्ड येथील जॉन चौनिंग यांनीं आपल्या नव्या ध्वनिनिर्मितीच्या पद्धतींत हेंच तत्त्व वापरून पितळी सूर उठविले, आणि त्याच पद्धतीवर यामाहा कंपनीचें डीएक्स-७ हें वाद्य १९८३ सालीं निघालें. त्या वाद्याला तोंडांत धरून फुंकण्याचें एक साधन जोडण्याची सोय होती, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. नाइल स्टायनर नांवाच्या अमेरिकन गृहस्थानें तर त्याच्याही आधीं, १९७० नंतरच्या दशकांत, फुंकून वाजविण्याचें विद्युत्-वाद्य तयार केलें होतें. स्टायनर स्वतः ट्रंपेट वाजविणारा, हें निराळें सांगावयास नकोच.

तेव्हां आम्हीं फुंकनळी मागविली. लहानशी डबी, तिला एक रबरी नळी. नळी ओठांत धरून फुंकली कीं हवेच्या दाबाचा आंकडा होऊन संगणकाकडे जातो. ओठ थरथरावे लागत नाहींत, दातांचा आधार लागत नाहीं. पण जोडणी झाली म्हणजे काम झालें असें मात्र नाहीं. नळी २ क्रमांकाची आज्ञा पाठवीत होती आणि ट्रंपेट ११ ची वाट पाहत होता. दोघांची गांठ घालून द्यावी लागली. कळ जोरानें दाबली तरीही आवाज वाढे. दोन धनी एका चाकराला हुकूम देऊं लागले म्हणजे जें होतें तें झालें. म्हणून कळेच्या वेगाकडे केवळ सुराच्या आरंभींचा ठोसा ठेविला आणि बाकी सर्व अधिकार फुंकीस दिला.

सर्वांत वेळ गेला तो फुंकीचें माप बसविण्यांत. आरंभीं काकांनीं नुसता श्वास सोडला तरी ट्रंपेट कुजबुजे, म्हणून शून्याची मर्यादा वर सरकविली. उलट १२७ पर्यंत पोंचण्यास इतका जोर लागे कीं त्यांचा चेहरा लाल होई, आणि आमच्या काकूंनीं दारांतूनच हा खेळ बंद करण्याची ताकीद दिली. वयोवृद्ध माणसाच्या बाबतींत ही बाब थट्टेची नव्हे. वरची मर्यादा उतरविली, मधला चढ सौम्य केला, आणि बेताच्या फुंकींतच सगळी झळाळी हातीं येईल असें केलें. तरुण वादकास हेंच माप फार हलकें वाटेल. ज्याचें माप त्यानें आपल्या छातीवरूनच घ्यावें.

आणखी दोन गोष्टी. पहिली कळ सुटण्यापूर्वीं दुसरी दाबली तर प्रोग्राम दोन सुरांना एकाच श्वासांत जोडतो. मधें फट पडली तर नवा उच्चार करतो. पेटीवाल्याच्या बोटांना ही संवय त्वरित लागते. दुसरी, कळ दाबणें व सूर ऐकूं येणें यांतील विलंब. संगणक आवाजाचे नमुने गठ्ठ्यानें पाठवितो. सेकंदास ४४,१०० नमुन्यांच्या हिशेबानें २५६ चा गठ्ठा म्हणजे सुमारें ६ सहस्रांश सेकंद, आणि तेवढें चालतें. कंपाचें चाक चिरंजीवांना फार प्रिय आहे. काका त्याला हात लावीत नाहींत.

सूर किंचित् वर-खालीं सरकविण्याचें चाकही असतें. त्याला १२८ नव्हे, तर १६,३८४ पायऱ्या असतात. हें चाक काकांना अकस्मात् उपयोगी पडलें. तिसऱ्या आठवड्यांत त्यांनीं माळ्यावरचें कॉर्नेट खालीं काढविलें, तेल घालून त्याच्या तिन्ही कळा मोकळ्या केल्या, आणि तें मांडीवर घेऊन बसले. संगणकांतला एक खालचा सूर खोटा लागतो, असें त्यांचें म्हणणें. चिरंजीवांनीं मोजून दाखविलें कीं सूर अगदीं बरोबर आहे. "म्हणूनच खोटा!" काका म्हणाले. कॉर्नेटाची दुसरी कळ सूर अर्ध्या स्वरानें उतरविते, पहिली एका, आणि तिसरी दीड. परंतु पहिली व तिसरी एकदम दाबल्या असतां वाढलेली नळी हिशेबाला थोडी अपुरी पडते आणि सूर किंचित् चढतो. त्यांनीं निकामी कॉर्नेटावर त्या दोन कळा दाबून दाखविल्या. "इथें आम्ही तिसरी नळी बोटानें पुढें सरकवून सूर उतरवीत असूं. घाईंत राहून जाई. सगळ्या बँडाचें राहून जाई."

आतां तो सूर आला कीं काका डाव्या हातानें चाक केसभर वर ढकलतात. किती ढकलावें याचा आंकडा चिरंजीवांनीं दोनदां विचारला. दोन्ही वेळां निराळा निघाला.