सहेरी सोडून वजन कमी करताय?

रमजानचा चाँद दिसला की मशिदीत तरावीहची तयारी सुरू होते, बाजारात खजुराचे खोके उघडतात आणि अनेक घरांत आणखी एक गोष्ट हळूच ठरते : या महिन्यात वजन उतरवायचेच. कुणाचे लग्न ठरलेले असते, कुणाला डॉक्टरांनी साखर काठावर असल्याचे सांगितलेले असते, कुणाला ईदचे नवे कपडे अंगावर नीट बसायला हवे असतात. इच्छा चांगली आहे. तेरा-साडेतेरा तास पोटात पाण्याचा थेंबही जाणार नाही, मग वजन आपोआपच उतरेल, असा सरळ हिशेब त्यामागे असतो. पण हा हिशेब दोन बाजूंनी चुकतो.

पहिली बाजू आपल्या सगळ्यांच्या ओळखीची आहे. मराठीत 'एकादशी आणि दुप्पट खाशी' अशी म्हण आहे. साबुदाण्याच्या खिचडीला ती जेवढी लागू पडते, तेवढीच इफ्तारच्या दस्तरखानालाही. दोन समोसे, चार भजी आणि मोठा ग्लास सरबत एवढ्यातच सातशे-आठशे कॅलरी सहज होतात. प्रथिने मात्र जेमतेम दहा-बारा ग्रॅम. त्यानंतर तरावीहहून आल्यावर खरे जेवण असतेच. अशा महिन्यात वजन कमी होण्याऐवजी वाढले, तर त्यात नवल नाही.

दुसरी बाजू मात्र फारशी कुणाच्या लक्षात येत नाही, आणि ती जास्त नुकसान करते. ही मंडळी सहेरी सोडतात. रात्री 'काही नको' म्हणून झोपतात, संध्याकाळी तीन खजूर, दोन फोडी कलिंगड आणि अर्धी चपाती खाऊन उठतात. दिवसभरात अगदीच थोड्या कॅलरी. आठवड्यात काटा दोन किलोने खाली येतो आणि उत्साह वाढतो. पण उतरलेले हे दोन किलो नक्की कशाचे असतात?

काटा काय सांगत नाही

आपले शरीर थोडी साखर यकृतात आणि स्नायूंत साठवून ठेवते. त्या साखरेच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणीही साठलेले असते. खाणे एकदम तोडले की आधी ही शिल्लक संपते आणि तिच्याबरोबरचे पाणीही निघून जाते. पहिल्या आठवड्यात झपाट्याने उतरलेल्या वजनात या पाण्याचा वाटा मोठा असतो. पुढे चरबी जळू लागते, पण अन्नात प्रथिने पुरेशी नसतील तर शरीर स्नायूही मोडून खाते. स्नायू कमी झाले की जिना चढताना पाय भरून येतात आणि शरीराची रोजची ऊर्जेची गरजही थोडी घटते. म्हणजे ईदनंतर पूर्वीइतकेच जेवले तरी वजन आधीपेक्षा लवकर चढते.

रमजानमधील वजनाबाबत वेगवेगळ्या देशांत बरेच अभ्यास झाले आहेत. त्यांचे एकत्रित आढावे पाहिले तर महिनाभरात सरासरी किलो-दीड किलो वजन कमी होते आणि पुढच्या काही आठवड्यांत त्यातले बहुतेक परत येते. महिना संपताच जुने खाणे सुरू झाले, तर दुसरे काय होणार?

फार कमी खाण्याचे आणखीही परिणाम आहेत. झपाट्याने वजन उतरवणाऱ्यांना पित्ताशयात खडे होण्याचा धोका वाढतो. केस गळतात, आणि ते लगेच नाही तर दोन-तीन महिन्यांनी. तोपर्यंत रमजान होऊन गेलेला असतो, म्हणून दोष पाण्याला किंवा शाम्पूला दिला जातो.

मनावरही परिणाम होतो. १९४४-४५ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज या शास्त्रज्ञाने ३६ निरोगी तरुण पुरुषांवर एक प्रयोग केला. युद्धात उपासमार झालेल्या लोकांना पुन्हा अन्नावर कसे आणायचे, हे त्यांना शोधायचे होते. सगळे तरुण स्वेच्छेने आले होते. सहा महिने त्यांना नेहमीच्या साधारण निम्मे, म्हणजे दिवसाला सुमारे १५७० कॅलरींचे जेवण दिले गेले. त्यांचे वजन जवळपास चतुर्थांशाने घटले. ते थकले, त्यांना सतत थंडी वाजू लागली, ते चिडचिडे आणि उदास झाले, त्यांच्या डोक्यात दिवसभर खाण्याशिवाय दुसरा विषय राहिला नाही. ही मुले अंगाने आधीच सडपातळ होती, त्यामुळे तो आकडा जसाच्या तसा आपल्याला लावता येणार नाही. पण उपासमारीने माणसाचा स्वभाव कसा बदलतो, हे त्यातून दिसले. रोज्यात तर जीभ आवरायची, राग गिळायचा, मन इबादतीत ठेवायचे असते. रोजा आणि उपासमार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्या इथे वेगळ्या होतात.

शरीराचाही हक्क

हदीसच्या ग्रंथांत सलमान फारसी आणि अबू दरदा या दोन सहाबींची, म्हणजे पैगंबरांच्या सोबत्यांची, एक हकीकत आहे. पैगंबर हजरत मुहम्मद (स.) यांनी या दोघांना एकमेकांचे भाऊ मानायला सांगितले होते. सलमान एकदा अबू दरदांच्या घरी गेले, तर पत्नी उम्मे दरदा अगदी साध्या, दुर्लक्षित अवस्थेत दिसल्या. विचारल्यावर कळले की पतीला संसाराकडे बघायला सवडच नाही. दिवसा नफिल, म्हणजे ऐच्छिक, रोजे आणि रात्रभर नमाज. जेवण समोर आले तेव्हा अबू दरदा म्हणाले, माझा रोजा आहे. सलमान म्हणाले, तुम्ही खाल्ल्याशिवाय मी खाणार नाही. शेवटी त्यांनी त्यांना जेवायला लावले, रात्री झोपायलाही लावले आणि समजावले की अल्लाहचा हक्क आहे, तसा तुमच्या स्वतःचा आणि घरच्यांचाही तुमच्यावर हक्क आहे. ही गोष्ट पैगंबरांच्या कानावर गेली तेव्हा त्यांनी सलमान यांचे म्हणणे बरोबर ठरवले.

रमजानचे रोजे फर्ज आहेत, ते ऐच्छिक नाहीत. पण ते कसे ठेवायचे, याबाबतही हाच तोल दिसतो. सहेरी जरूर करावी, तिच्यात बरकत आहे, अशी पैगंबरांची शिकवण आहे. सहेरी शक्यतो उशिरा करणे आणि इफ्तारला विलंब न लावणे ही सुन्नत मानली जाते. म्हणजे उपाशी राहण्याचा काळ आपल्या मनाने ताणण्यात पुण्य नाही. दुसरीकडे, पोटाचा एक हिस्सा अन्नाला, एक पाण्याला आणि एक श्वासाला ठेवावा, ही शिकवणही त्यांचीच. वजन कमी करू पाहणाऱ्याला याहून सोपा आहारसल्ला मिळणे कठीण.

पुरेसे म्हणजे किती?

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० मध्ये भारतीयांच्या आहाराचे आकडे नव्याने मांडले. त्यानुसार बैठे काम करणाऱ्या ५५ किलो वजनाच्या स्त्रीला दिवसाला सुमारे १६६० कॅलरी, तर ६५ किलोच्या पुरुषाला सुमारे २११० कॅलरी लागतात. प्रथिने वजनाच्या दर किलोमागे ०.८३ ग्रॅम, म्हणजे अनुक्रमे ४६ आणि ५४ ग्रॅमच्या आसपास. कॅल्शियम दोघांनाही १००० मिलिग्रॅम. लोह पुरुषाला १९ मिलिग्रॅम आणि स्त्रीला २९.

वजन उतरवायचे असेल तर यातले फक्त कॅलरीचे आकडे खाली आणायचे असतात. प्रथिने, लोह, कॅल्शियम यांची गरज कमी होत नाही, उलट स्नायू टिकवायला प्रथिने थोडी जास्तच लागतात. गरजेपेक्षा दिवसाला चारशे-पाचशे कॅलरी कमी घेतल्या तर आठवड्याला साधारण अर्धा किलो उतरते. महिन्याला दोन किलो. ऐकायला थोडे वाटते, पण ते टिकते. बाईने दिवसाला बाराशे कॅलरींच्या खाली गेले की त्या ताटात सगळी पोषकद्रव्ये बसवणे अवघड होते. आठशेच्या खालचा आहार तर डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय करूच नये.

मग कमी काय करायचे? तेल आणि साखर. एक ग्रॅम तेलात ९ कॅलरी असतात, तर प्रथिनांत आणि पिठूळ पदार्थांत ४. एक छोटा चमचा तेल म्हणजे ४५ कॅलरी, एक चमचा साखर म्हणजे २०. समोसे आणि भजी रोजच्याऐवजी जुम्म्याला ठेवली, सरबतातली साखर निम्मी केली, तरी रोजच्या चारशे कॅलरी वाचतात. अंडी, डाळ, दही, भाकरी यांना हात लावावा लागत नाही.

सत्तर किलोच्या आसपास वजन असलेल्या, घरकाम करणाऱ्या स्त्रीसाठी एका दिवसाचा नमुना असा बसवता येईल. सहेरीला दोन चपात्या किंवा एक मोठी ज्वारीची भाकरी, दोन अंडी, वाटीभर दही आणि एक केळे. इफ्तारला दोन-तीन खजूर, वाटीभर उकडलेले काळे चणे कांदा-टोमॅटो-लिंबू घालून, पपई किंवा कलिंगडाच्या फोडी आणि पातळ ताक. नमाजनंतर दोन चपात्या, वाटीभर डाळ, पालेभाजी, कोशिंबीर आणि चिकन किंवा मासळीचे दोन तुकडे, बेताच्या तेलात. झोपण्यापूर्वी कपभर दूध. ढोबळ हिशेब केला तर हे पंधराशे-साडेपंधराशे कॅलरींचे आणि साठ ग्रॅमहून अधिक प्रथिनांचे जेवण होते. यात कुठे उपासमार आहे? शाकाहारी शेजाऱ्यांना श्रावणात किंवा वजन उतरवताना हाच साचा वापरायचा असेल, तर अंडी-चिकनच्या जागी मोड आलेली मटकी, पनीर, सोयाबीन येऊ शकते.

दोन-तीन बारीक गोष्टी उपयोगी पडतात. नाचणीत कॅल्शियम भरपूर असते, सहेरीला तिची भाकरी किंवा आंबील चालते. इफ्तार झाल्या झाल्या चहा घेण्याची सवय असेल तर तो तासभर पुढे ढकलावा, कारण चहामुळे जेवणातले लोह अंगी लागत नाही. उलट चण्यावर पिळलेले लिंबू ते शोषायला मदत करते. पाणी दोन-अडीच लिटर हवे, पण सहेरीच्या शेवटच्या पाच मिनिटांत नव्हे, तर इफ्तारपासून झोपेपर्यंत थोडे थोडे. आणि तरावीहशिवाय पंधरा-वीस मिनिटे चालणे झाले तर उत्तम.

हे कुणी करू नये

आजारी आणि प्रवासी यांना कुरआननेच रोज्यात सवलत दिली आहे. राहिलेले रोजे नंतर पुरे करता येतात. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या मातांनाही ही मुभा आहे, आणि त्यांनी या काळात वजन उतरवण्याचा विचारही करू नये. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी रमजानपूर्वीच डॉक्टरांकडून औषधांच्या वेळा आणि मात्रा बदलून घ्याव्यात. रक्तातील साखर ७०च्या खाली किंवा ३००च्या वर गेली तर रोजा सोडावा, असे वैद्यकीय मार्गदर्शन आहे. बोटातून थेंबभर रक्त काढून तपासणी केल्याने रोजा तुटत नाही, असे बहुतेक उलेमा सांगतात. त्यामुळे तपासायला घाबरू नये.

शेवटचे ताट

आता घरातल्या बाईविषयी. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे आढळले. महाराष्ट्रात हे प्रमाण ५४ टक्क्यांच्या पुढे आहे. यात धर्माचा भेद नाही. रमजानमध्ये ही बाई सगळ्यांच्या आधी उठते, सगळ्यांना गरम चपाती वाढते आणि अजानला पाच मिनिटे उरली असताना उभ्या उभ्या चहाबरोबर अर्धी चपाती खाते. संध्याकाळीही कढईपाशी तीच. वर 'अम्मी, जरा वजन कमी कर' हे ऐकायलाही तीच. ती मनावर घेते आणि तेवढी अर्धी चपातीही सोडते. शेजारच्या वहिनींची नवरात्रातली तऱ्हा फार वेगळी नसते.

तिचे वजन जास्त असेल तरी रक्त कमी असू शकते, हे घरच्यांनी आधी समजून घ्यायला हवे. वजन उतरवण्याआधी तिचे हिमोग्लोबिन तपासून घ्यावे. सहेरीची डाळ आणि चणे रात्रीच शिजवून ठेवता येतात, अंडी मुलगाही उकडू शकतो, चपात्यांचा डबा आधी भरून ठेवला तर सगळे एकाच वेळी बसू शकतात. दस्तरखान अंथरले की तिचे ताट पहिल्यांदा वाढावे. त्यात दोन अंडी आहेत ना, वाटीभर दही आहे ना, एवढे उद्याच्या सहेरीला बघितले तरी पुरे.