पक्ष्यांच्या छायाचित्रांवरचा अभिप्राय

वन्य पक्ष्याच्या छायाचित्रात जाणकाराची नजर आधी पक्ष्याच्या डोळ्यावर जाते. डोळा रेखीव आला असेल आणि त्यात प्रकाशाचा ठिपका चमकत असेल, तर शेपटी थोडी धूसर असली तरी चालते. डोळाच धूसर असेल, तर बाकी सगळे जमूनही चित्र निर्जीव वाटते. म्हणून अभिप्रायाची सुरुवात डोळ्यापासून व्हावी. मानेची दिशा, प्रकाश, पार्श्वभूमी, पक्ष्यापुढे सोडलेली जागा हे सगळे त्यानंतर.

‘अप्रतिम’ म्हटल्याने छायाचित्रकार काहीच शिकत नाही, आणि ‘जमलं नाही’ म्हटल्यानेही नाही. गडद पाण्यात भर उन्हात उभ्या असलेल्या बगळ्याचे चित्र घ्या. कॅमेरा पाण्याच्या काळोखाला फसून एक्सपोजर वाढवतो, पांढरी पिसे जळतात आणि तिथे कोरा डाग उरतो. पार जळालेली पिसे संगणकावर परत आणता येत नाहीत. अशा वेळी ‘एक्सपोजर एक स्टॉप कमी ठेवा, सकाळच्या कोवळ्या उन्हात जा’ असे सांगितले, तर पुढच्या खेपेला उपयोग होतो. चौकटीच्या कडेला आलेली काडी किंवा तिरके क्षितिज मात्र घरी बसून सुधारता येते. त्यावर वेळ दवडू नये.

अभिप्राय मागणाऱ्याने शटरचा वेग, अ‍ॅपर्चर, आयएसओ आणि पक्ष्यापासूनचे अंतर सांगावे, क्रॉप न केलेले मूळ चित्रही दाखवावे. उडत्या पक्ष्याचे पंख धूसर आले असतील, तर शटर सेकंदाच्या १/५०० वर होते की १/२००० वर, हे कळल्याशिवाय सल्ला देता येत नाही. पंखांची धूसरता मुद्दाम ठेवलेली असेल, तर तेही मोकळेपणाने सांगावे. ‘तिथे उजेडच नव्हता’ अशी सबब पुढे करण्यापेक्षा ‘त्या उजेडात तुम्ही काय केलं असतं?’ हा प्रश्न अधिक शिकवतो.

या सगळ्याहून महत्त्वाचा प्रश्न मात्र अनेकदा विचारलाच जात नाही: हे चित्र मिळवताना पक्ष्याला त्रास झाला का? भिगवणला उजनी धरणाच्या पाण्यात रोहित पक्षी वाकडी चोच उलटी बुडवून, चिखलपाणी गाळून खात असतात. अख्खा थवा कॅमेऱ्याकडे पाठ करून उडताना दिसला, तर होडी फार जवळ गेली असावी, ही शंका बोलून दाखवलीच पाहिजे. प्रत्येक अनावश्यक उड्डाणात त्यांचे खाणे थांबते आणि शक्ती वाया जाते.

घरट्याजवळच्या चित्रांबाबत तर गय नकोच. आडोशाच्या फांद्या तोडल्या की पिल्ले ऊन आणि शिकारी पक्षी या दोन्हींसमोर उघडी पडतात. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने वन्य पक्ष्यांच्या अंड्यांना किंवा घरट्यांना उपद्रव देणे हे शिकारीतच धरले आहे. असे चित्र समोर आले, तर त्याच्या प्रकाशावर किंवा रंगांवर एक शब्दही बोलू नये. ते काढून टाकायला सांगावे.