रिकाम्या सीटवर कोण बसलंय?

पुढच्या डाव्या सीटवर माणूस नाही. आहे ती फक्त भाजीची पिशवी. तरीही गाडीचं ‘टिंग-टिंग’ सुरूच... सीटबेल्ट लावा, सीटबेल्ट लावा! पेट्रोलच्या गाडीत इंजिनाच्या घरघरीत हा आवाज थोडाफार तरी दबतो. इलेक्ट्रिक गाडीच्या शांततेत मात्र तो डोकं उठवतो. मग कुणीतरी सल्ला देतं, ‘बेल्ट नुसता खाचेत अडकवून ठेवा, नाहीतर बाजारातून क्लिप आणा.’ आवाज बंद, कटकट बंद! पण त्या आवाजाबरोबर आणखी काय बंद झालं, याचा विचार कुणी करतं का?

गादीखालचा पहारेकरी

सीटच्या कव्हरखाली, फोमवर एक पातळ पट्टी बसवलेली असते. वजन पडलं, की तिच्यातला विद्युत्-रोध बदलतो आणि सीटवर कुणीतरी बसलंय, हे गाडीला कळतं. काही गाड्यांमध्ये पट्टीऐवजी द्रव भरलेली पिशवी असते, काहींत सीटच्या पायाशी वजन मोजणारे सेन्सर असतात, तर काहींत माणसाच्या शरीरामुळे विद्युत्-क्षेत्रात होणारा बदल टिपला जातो.

हा पहारेकरी दोन प्रकारची कामं करतो. साध्या व्यवस्थेत तो फक्त बेल्टची आठवण करून देतो. भारतात १ जुलै २०१९ पासून नव्या गाड्यांमध्ये चालक आणि शेजारचा प्रवासी या दोघांसाठी ही घंटी सक्तीची आहे. दुसरं काम जास्त जोखमीचं. सीटवर मोठा माणूस आहे, मूल आहे की काहीच नाही, हे ओळखून एअरबॅग उघडू द्यायची की नाही, हे त्याच्या सांगण्यावरून ठरतं.

ही गरज निर्माण झाली अमेरिकेत. तिथे १९९० ते २००८ या काळात कमी वेगाच्या अपघातांत एअरबॅगच्याच तडाख्यानं २९० हून अधिक माणसं दगावली. त्यांत लहान मुलंही होती. बहुतेकांनी बेल्ट लावला नव्हता किंवा नीट लावला नव्हता. म्हणून २००० साली तिथे नवा नियम आला आणि सप्टेंबर २००३ पासून सीटवरचा माणूस ओळखणारी यंत्रणा टप्प्याटप्प्यानं गाड्यांमध्ये आली.

पहारेकरीच फसला तर?

तसंही घडलंय. २०१४ साली निसान कंपनीला अमेरिकेत जवळपास १० लाख गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलवाव्या लागल्या. त्यांत ‘लीफ’ ही इलेक्ट्रिक गाडीही होती. सीटवर धडधाकट माणूस बसलेला असतानाही यंत्रणा सीट रिकामी समजू शकत होती. अशा वेळी अपघात झाला, तर त्याच्यासमोरची एअरबॅग उघडलीच नसती! तेव्हा सॉफ्टवेअर सुधारलं गेलं. पण २०१६ साली याच प्रकारच्या दोषासाठी ३० लाखांहून अधिक गाड्या पुन्हा बोलवाव्या लागल्या. त्यांतही ‘लीफ’ होतीच.

दिवा कोणता, ते आधी पाहा

बिघाड शोधण्याची सुरुवात डॅशबोर्डवरून होते. बेल्ट लावलेल्या माणसाचं चित्र लुकलुकत असेल, तर प्रश्न घंटीपुरता असू शकतो. मात्र गाडी सुरू केल्यावर काही सेकंदांत विझणारा एअरबॅगचा दिवा पेटलेलाच राहिला, तर प्रश्न गंभीर. ‘पॅसेंजर एअरबॅग ऑफ’ असा तिसरा दिवा असेल, तर सीटवर मोठा माणूस बसल्यावर तो काय दाखवतो, हे गाडीसोबत मिळालेल्या पुस्तिकेशी ताडून पाहावं.

त्यानंतरची तपासणी घरच्या घरी होऊ शकते. सीटवरची पिशवी, लॅपटॉप, पाण्याची बाटली उचला. जाड गादी किंवा बाहेरून शिवून घेतलेलं सीटकव्हर असेल, तर ते काढा. सीटखाली छत्री, खेळणं किंवा बूट अडकलाय का, बघा. पावसात सीट भिजली असेल, तर पूर्ण वाळू द्या. मग सीट रिकामी ठेवून गाडी बंद करा आणि पुन्हा सुरू करा. सीट पुढे-मागे सरकवल्यावर दिवा लुकलुकत असेल, तर सीटखालची वायर किंवा तिचा जोड सैल झाल्याची शंका घ्यावी. सगळं लिहून ठेवा: दिवा कधी पेटला, सीटवर कोण होतं, बेल्ट लावला होता का. मेकॅनिकचं अर्धं काम त्यातच होतं.

इथून पुढे मात्र घरगुती प्रयोग नकोत. सीटखालच्या पिवळ्या जोडांतून एअरबॅगची वायर जाते. तिला टेस्ट-लॅम्प किंवा मीटर लावणं धोक्याचं. नारिंगी केबल तर उच्च दाबाची; तिला हातही लावू नये.

वर्कशॉपमध्ये काय विचाराल?

चांगला मेकॅनिक थेट पट्टी बदलायला घेत नाही. तो आधी स्कॅनर लावून गाडीत नोंदलेले दोष वाचतो. मग १२ व्होल्टची छोटी बॅटरी तपासतो. बहुतेक इलेक्ट्रिक गाड्यांमध्ये ती असते आणि ती अशक्त झाली, की नसलेले दोषही दिसू लागतात. त्यानंतर बेल्टच्या बकलमधला स्विच, सीटखालची वायर, जोडावरचा गंज आणि सर्वात शेवटी पट्टी! सीटवरचा माणूस ओळखणाऱ्या यंत्रणेत भाग बदलल्यावर रिकाम्या सीटवर तिचं ‘शून्य’ पुन्हा ठरवून घ्यावं लागतं. ‘ते केलंत का?’ हे विचारायला संकोचू नका.

क्लिप नको, खात्री हवी

घंटी गप्प करणाऱ्या क्लिपा ऑनलाइन सर्रास विकल्या जात होत्या. मे २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं पाच बड्या कंपन्यांना त्या हटवण्याचे आदेश दिले आणि १३,११८ जाहिराती काढल्या गेल्या. सरकारी आकडा सांगतो, की २०२१ साली देशात बेल्ट न लावलेले १६,३९७ जण रस्ते अपघातांत मरण पावले. त्यांतले ७,९५९ चालक नव्हते, प्रवासी होते.

आणखी एक गैरसमज दूर व्हायला हवा. सीटला सेन्सर आहे, म्हणजे मूल पुढे बसवलं तरी एअरबॅग आपोआप बंद होईल, असं मुळीच नाही. अनेक गाड्यांमध्ये तो फक्त घंटी वाजवतो. म्हणून मुलांची जागा मागेच, बेल्टमध्ये किंवा त्यांच्या खास आसनात. चौदा वर्षांखालच्या मुलाला असं न बसवल्यास चालकाला हजार रुपये दंडही आहे. आणि एअरबॅगचा दिवा विझत नसेल, तर दुरुस्ती होईपर्यंत पुढची डावी सीट रिकामीच ठेवलेली बरी.